नसीमआपाचा पुरावा

"पासवर्ड मले काहून सांगून राहिली वं? भोंगाच लाव ना मंग बाजारात!"

नसीमआपा अशी खेकसली, आणि दुकानातली सगळी माणसं वळून माझ्याकडे पाहायला लागली. थांबा, मधे बोलू नका, नाहीतर मी विसरते. ही आपा म्हणजे नसीमबानो. चांदूर बाजारला बसस्टँडच्या मागं तिचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान होतं. एक टेबल, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि तिचं तोंड. ते इतकं खराब की खेड्यावरची माणसं आत शिरायच्या आधी चप्पल नीट काढायची.

त्याआधी वीस वर्षं ती तहसीलसमोर टायपिंग करायची. कोणाच्या वाटणीचं भांडण, कोणाच्या पोरीची सोडचिठ्ठी, सगळ्यांचं सगळं तिच्या बोटांखालून गेलेलं. पण तिच्या तोंडून एक शब्द बाहेर आला असेल तर शप्पथ! आता कॉम्प्युटर आला तरी तिचं तेच. पासवर्ड ज्याचा त्यानं टाकायचा. ती तोंड फिरवून भिंतीकडे पाहत बसणार. म्हातारी माणसं एका बोटानं अर्धा अर्धा तास अक्षरं शोधायची आणि तिला शिव्या द्यायची. समोरचा दुकानदार बरा, तो सगळ्यांचे पासवर्ड आपल्या वहीत लिहून ठेवायचा! "तुमीच ठेवा भाऊ, आमच्या नाई लक्षात राह्यत." लोकांना तेच गोड वाटायचं.

आता खरी गंमत सांगते. आपल्या सगळ्यांचे मेल फुकटचे, कंपनीचे, हो ना? आपानं स्वतःच्या नावाचा पत्ता विकत घेतला होता. मेलमध्ये ते गोल चिन्ह असतं ना, त्याच्या पुढं कंपनीचं नाव नाही, हिचं नाव! आणि त्यात ती पाहिजे तेवढे पत्ते काढायची. मला तिनं मेलची एक पेटी दिली होती, पण पत्ते चार. कॉलेजला एक, बँकेला एक, शिष्यवृत्तीला एक, मैत्रिणींना एक.

मी म्हटलं, "आपा, चार काहून? एकात होत नाई का?"

"तुह्या मायनं शेजारी भांडं देलं त बुडाशी नाव कोरते का नाई? हे तसंच हाय. कचरा कोन्या पत्त्यावर आला ते पाह्यलं की समजते, कोनाच्या घरून आला."

तेव्हा मी हसले होते. एकोणीस वर्षांची होते, सगळ्यालाच हसायची.

त्या साली पाऊस गेला होता. आमच्याकडे विहिरी उपसून उपसून लोकांनी शेवटी संत्र्याची झाडं तोडली, आणि घरोघरी पोरींच्या लग्नाचं निघालं, एक तोंड कमी म्हणून. तेवढ्यात एका संस्थेनं काढलं, शेतकऱ्यांच्या मुलींना मोफत प्रशिक्षण, राहणं, जेवण. संस्थेचे चिटणीस खुशालराव. पांढरे कपडे, कपाळाला गंध, मुलींना "बेटा, बेटा" करून बोलणार. फॉर्मवर फोटो पाहिजे, फोन नंबर पाहिजे, मेल पाहिजे.

आपा प्रत्येकीला सांगत होती, "नंबर नको देऊ. मेल दे, पुरे हाय."

पोरी तिच्याशी भांडल्या. फोन यायला पाहिजे ना! सगळ्यांनी घरचा, म्हणजे बापाच्या खिशातला नंबर लिहिला. माझ्या फॉर्मवर आपानं त्या खान्यात रेघ ओढली आणि मेल लिहिला. पाचवा पत्ता, नवा काढलेला, फक्त या संस्थेसाठी.

पंधरा दिवसांत फोन सुरू झाले. बापानं उचलला की कट. पोरीनं उचलला की घाण. एकीचं कॉलेज बंद झालं. एकीच्या बापानं तिलाच मारलं, तूच नंबर दिला असशील म्हणून. माझे बाबा, नत्थुजी, जेवताना म्हणाले, "आपल्या घरी असा फोन आला न, त त्याच दिवशी पाहुने बोलावतो. अमरावती-बिमरावती काई नाई." अमरावतीच्या होस्टेलचा माझा फॉर्म तेव्हा नुकताच गेला होता. मी भाकरीचा घास तोंडात तसाच धरून बसले.

आमच्या घरी फोन नाही आला. मेल आली.

होस्टेलचं काही आलं का पाहायला मी आपाच्या दुकानात गेले होते. पेटी उघडली. माझ्या फॉर्मवरचाच फोटो, लाल ओढणीचा, आणि खाली असं काही लिहिलेलं की ते मी तुम्हालाही सांगणार नाही. मला वाचता वाचता ऐकूच येईनासं झालं. आपानं माझं तोंड पाहिलं, आणि पहिल्यांदा ती भिंतीकडनं माझ्या स्क्रीनकडे वळली. तिनं मजकूर वाचला नाही, बरं का! वरचा पत्ता वाचला फक्त.

"हा त मी संस्थेलेच देल्ता," ती म्हणाली. "दुसऱ्या कोनालेच नाई."

एवढ्यात दारात गलका झाला. दहा-बारा बाप, पुढं खुशालराव, आणि त्यांच्यात माझे बाबा! मी खुर्चीवरून उठून प्रिंटरमागं कशी गेले ते मलाच माहीत नाही. मेल तशीच उघडी. माझा फोटो स्क्रीनवर हा एवढा मोठा.

आपा खुर्ची सरकवून स्क्रीनसमोर उभी राहिली. दाराकडे तोंड, पाठ कॉम्प्युटरला.

"काय पाह्यजे?"

"सगळ्या पोरींचे फॉर्म हिच्याचपाशी भरले," एक जण ओरडला. "हिनंच नंबर इकले!"

खुशालरावांचा आवाज मात्र मऊ. "बानो, कबूल करून टाक. आमी ठान्यात नाई जात."

"नंबर तुमच्या हापिसातून गेले, खुशालराव."

सगळे बाप खुशालरावांकडे वळले.

"माह्यापाशी पुरावा हाय. एक पत्ता मी फकत तुमच्या संस्थेले देला. त्याच पत्त्यावर घान आली."

खुशालरावांच्या गंधाखालची शीर उडली. मी पाहिली, या डोळ्यांनी पाहिली. पण माणूस भारी हुशार. हसले आणि म्हणाले, "दाखव मंग. कोन्या पोरीले आली? नाव सांग तिचं. तिचा बाप अठीच उभा असन."

त्याला पक्कं माहीत होतं, ती सांगणार नाही.

"नाव नाई सांगनार."

"दाखव ना, बाई!" हा आवाज माझ्या बाबांचा. "पोरींच्या इज्जतीचा सवाल हाय. खरी असशीन त दाखव."

आपानं सगळ्यांकडे पाहिलं, एकेकाकडे. माझ्याकडे नाही पाहिलं. तिनं पाहिलं असतं ना, तर मी बोलले असते. असं मी स्वतःला किती दिवस सांगितलं! पण नसते बोलले. प्रिंटरचा पत्रा हातात घट्ट धरला होता मी, आणि मनात एकच, पाहू नको, आपा, माझ्याकडे पाहू नको.

"सरक, आमीच पाह्यतो," म्हणत दोघं पुढं आले. एकानं तिचा खांदा धरला. तशी तिनं हात मागं नेला आणि भिंतीवरचं बटण दाबलं. दोन्ही कॉम्प्युटर बंद.

"पाह्यलं?" खुशालराव म्हणाले. "मिटवला पुरावा. अजून काय पाह्यजे?"

मग काय! कोणी तिच्या जातीवर गेलं, कोणी नवरा का सोडून गेला त्यावर. एकानं प्रिंटर खाली पाडला, माझ्या पायापाशी. माझे बाबा माझा दंड धरून मला बाहेर काढत म्हणाले, "चाल वं आरती, अशा बाईपाशी काहून येते तू?" शिव्यांचा खजिना होती ना ती? त्या दिवशी एक शिवी दिली नाही तिनं.

दुसऱ्या दिवशी शटरला काळं फासलेलं होतं. महिन्याभरात जागेच्या मालकानं दुकान रिकामं करून घेतलं. खुशालराव आजही पोरींना बेटा म्हणतात. आणि मला होस्टेल मिळालं. बाबांनी जाऊ का दिलं? तर ते सगळ्यांना सांगत फिरले, "आपल्या पोरीचं कुठंच नाव नाई."

मागच्या रविवारी मी तुम्हाला अकोल्याला मावशीकडे जाते सांगून गेले ना, ते खोटं. मी बार्शीटाकळीला गेले होते. तिच्या भावाचा गादीचा कारखाना आहे तिथं, कापूस पिंजायचं यंत्र धडधडत असतं. आपा खाली बसून गादीला टाके घालत होती. केसांवर, भुवयांवर कापूस. हे एवढं मोठं दाभण हातात.

"आपा, मी आरती. मी सांगतो सगळ्यायले. ती मेल माही होती म्हून..."

"कोन्ती मेल?"

"त्या दिवशीची, आपा. मी पत्ता दाखवतो, पोलिसात..."

"मले कोन्ती मेल-बिल माहीत नाई." दाभण गादीत खुपसून तिनं पलीकडून ओढून काढलं. दारात तिची भावजय चहा घेऊन आली होती, माझ्याकडे टक लावून पाहत होती.

"कोन हाय वो ही?" भावजयीनं विचारलं.

"काय माहीत," आपा म्हणाली. "बस चुकली तिची. पानी दे तिले, अन् जाऊ दे."

भावजयीनं पाणी आणून दिलं. मी अनोळखी बाईसारखी बाकावर बसून ते प्याले. आपानं दोऱ्याला गाठ मारली, दातानं तोडला, आणि पुढच्या टाक्यासाठी गादी आपल्याकडे ओढून घेतली.