लायनेलचे घोडे

छोटे शिपाई रंगवणाऱ्यांच्या क्लबच्या वार्षिक प्रदर्शनात ट्रेव्हरने माइकवरून नाव पुकारलं आणि लायनेलच्या हातातलं सँडविच तसंच राहिलं.

"पाच मिनिटांत आपला लायनेल घोडा रंगवून दाखवणार! या, या, सगळे पुढे या!"

न विचारता, न सांगता! क्लबचा सेक्रेटरी झाला म्हणून काय झालं? आणि लायनेलने तर जन्मात एकही घोडा रंगवला नव्हता.

स्वार त्याचे. नेपोलियनच्या लढायांतले, अंगठ्याएवढे शिशाचे शिपाई. त्यांची बटणं, पट्टे, मिशा तो भिंगाखाली तासन्‌तास रंगवायचा. घोडे मात्र त्याच्या बायकोचे, डल्सीचे. तिचा बाप नॉटिंगहॅमच्या बिअर कारखान्याचे गाडीघोडे सांभाळायचा, त्यामुळे ती तबेल्यातच वाढलेली. पांढऱ्या पायाचा खूर फिकट असतो, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. लायनेलला लहानपणी समुद्रकिनाऱ्यावर एक गाढव चावलं होतं, तेवढाच त्याचा अनुभव.

एकोणीस वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये ट्रेव्हर म्हणाला होता, "लेका, घोडे अगदी श्वास घेतायत रे तुझे!" आणि हा म्हणाला, "थँक्यू." झालं! पुढच्या वर्षी कप मिळाला, मग दुसरा, मग सहा. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायची सवय लागायला कितीसा वेळ लागतो? डल्सी एका शब्दाने बोलली नाही. दरवर्षी काकडीची सँडविचं आणि थर्मास घेऊन शेजारी बसायची. आजही बसली होती, विणकाम घेऊन.

"डल्सी, काय करू गं?" तो कुजबुजला.

"रंगव की," टाके मोजत ती म्हणाली.

"मला चक्कर आली म्हणून सांग ना."

"तूच सांग. तुला तोंड आहे."

टेबलाभोवती वीस-पंचवीस डोकी जमली. आता आपलं पितळ उघडं पडणार, हे लायनेलला कळून चुकलं. ट्रेव्हरने काडीवर चिकटवलेला फिकट बदामी घोडा पुढ्यात ठेवला. "इतकी वर्षं विचारतोय, पण हा पठ्ठ्या पत्ता लागू देत नाही!"

डल्सीला त्याने स्वयंपाकघरात हजारदा बघितलं होतं. अंगभर तपकिरी तैलरंग फासायचा, जरा थांबायचं, मग स्पंजाने पुसायचा. उंचवट्यावरचा रंग निघतो, खाचांमधला राहतो आणि घोडा अंगाने भरल्यासारखा दिसतो. पण किती थांबायचं, किती दाबायचं? ते कुठे बघितलं होतं त्याने! तो आपला शिपायांच्या मिशांत गुंग.

त्याने रंग फासला. घाईघाईने पुसला, तर सगळाच निघाला. पुन्हा फासला आणि या खेपेला स्पंज टर्पेंटाइनमध्ये बुडवून घासला. खालचा बदामीही गेला. पाठीवर उघडं शिसं चमकायला लागलं, पोटाखाली नुसता चिखल.

कुणीतरी खाकरलं. ट्रेव्हरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "होतं रे. आपल्या वयाला हात दगा देतात. चल, चहा घेऊ."

नुसतं "हो" म्हटलं की सुटका! शब्द ओठांवर आला होता. तेवढ्यात डल्सीचा हात त्या बिघडलेल्या घोड्याकडे गेला आणि अर्ध्या वाटेतून मागे आला. तिने पुन्हा सुया उचलल्या. लायनेलला स्वतःची शरम वाटली, अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हात धड आहेत माझे," तो म्हणाला. "घोडे मी रंगवतच नाही. एकही नाही. सगळे डल्सीचे आहेत, पहिल्यापासून."

ट्रेव्हरने आ वासला. "आणि ते कप?"

"ते पुसतेही मीच," डल्सी म्हणाली.

मागे कुणीतरी हसलं.

"पण एकोणीस वर्षं, डल्सी! तुम्ही एकदा तरी बोलायचं!"

डल्सीने विणकाम पिशवीत टाकलं, घोडा जवळ ओढला आणि स्पंज पिळून घेतला. प्रश्न ट्रेव्हरचा होता, पण ती बघत होती नवऱ्याकडे.

"दरवर्षी ठेवणीतला ड्रेस घालून यायचे मी," ती म्हणाली. "मनात म्हणायचे, या वर्षी हा खरं सांगेल. या वर्षी नाही घातला."

लायनेलने आत्ता कुठे तिच्याकडे नीट पाहिलं. तिच्या अंगात घरातला जुना स्वेटर होता, कोपराला भोक पडलेला.