डाव्या मडगार्डवरची जागा

"डावं पुरं गेलं, श्रावणभाऊ. अन् उजवं पाहा, नव्यासारखं हाय," ट्रॅक्टरच्या चाकाजवळ उकिडवा बसलेला मुनव्वर मिस्त्री म्हणाला. "इकडं रोज कोन बसते?"

"बंड्या बसे," श्रावण म्हणाला, आणि हसला.

ते हसू पाहून मैनाच्या अंगाचा तिळपापड झाला. पातूरचा बाजार करून ती पिशव्यांसकट नवऱ्याला गाठायला गॅरेजवर आली होती. मडगार्डचे ब्रॅकेट चिरले होते, रबरी बुश झिजून चपटे झाले होते आणि पत्रा टायरला घासत होता. एवढ्या नुकसानीवर हा माणूस हसत होता, कारण ते बंडूने केलं होतं.

बंडू म्हणजे श्रावणचा शाळेपासूनचा दोस्त. वावरात जायचं असो की कुणाच्या मयतीला, श्रावण स्टिअरिंगवर आणि हा मडगार्डवर. इंजिनाच्या आवाजात दोघे ओरडून ओरडून बोलत. घरी आला की मात्र श्रावणच्या तोंडाला कुलूप. भाजी खारट झाली तरी हा गुमान जेवून उठणार. एखादी बाई असती तर मैनाने झिंज्या धरून सोक्षमोक्ष लावला असता. या मिशीवाल्या सवतीचं ती काय करणार?

उन्हाळ्यात बंडूच्या मुलाने त्याला अमरावतीला, राजापेठेतल्या आपल्या घरी नेलं. मैनाने तोंडाने हळहळ केली आणि मनात पेढे वाटले. आता नवरा आपल्याशी बोलेल, असं तिला वाटलं होतं. तो आणखीच मुका झाला.

मुनव्वरने नवे ब्रॅकेट बसवले, बोल्ट आवळले आणि सांगितलं, वर वजन ठेवून एक फेरी मारा, मग पुन्हा कसून देतो. श्रावण इकडेतिकडे माणूस शोधू लागला. समोर उभी असलेली बायको काही त्याला दिसेना.

"काहून, मले बसता येत नाही काय?" मैना म्हणाली.

बाया ट्रॉलीत बसतात, असं काहीतरी तो पुटपुटला. आज ट्रॉली होती कुठे? मुनव्वरने स्टूल पुढे केलं आणि ती चढली. फेरी झाली, बोल्ट कसून झाले, तरी ती उतरली नाही. पिशव्या पायाशी घेऊन म्हणाली, आता घरीच चला.

पातूर मागे पडलं. श्रावण समोर बघून चालवत होता. मैना एका शब्दाची वाट बघत होती. जागा मिळाली, पण बोलणं बंडूबरोबर राजापेठेत गेलं, असं तिला वाटू लागलं. तेवढ्यात मोठा खड्डा आला.

"बंड्या, धरून बस," श्रावण न बघता सवयीने ओरडला. आणि तोंड उघडलंच होतं म्हणून की काय, तसाच बोलत राहिला. "मांगं सांगतलं होतं ना तुले, मैना रात्री उठून गुडघे चोळत बसते. अजून तसंच हाय. मी झोपीचं सोंग घेतो. तिले इचाराले मायी जीभच उचलत नाही रे."

मैनाने मडगार्डची कड घट्ट धरली. म्हणजे तिच्या गुडघ्यांचं दुखणंसुद्धा बंडूच्याच वाट्याला गेलं होतं. इतकी वर्षं तिच्या वाटचे शब्द हा मेला इथे बसून ऐकत होता. भांडावं, रडावं, नवऱ्याचा दंड धरून हलवावं, सगळं एकदम मनात आलं. पण तिचा आवाज ऐकला की तो गप्प होणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिने पदर तोंडावर धरला, आवाज जाड केला आणि म्हणाली, "मंग?"