पाखऱ्याचा श्वास

"परानी कुठं हाय?" जोतीरामशेठनं पुन्हा विचारलं, तेव्हा छकड्याच्या चाकाला वंगण लावता लावता गोटीराम म्हणाला, "घरीच ठेवलीय. आज नाय लागनार."

जोतीराम हसला. त्याला ती थट्टाच वाटली.

देवीच्या जत्रेची शर्यत होती. उलव्याच्या खाडीकाठच्या खारीतली भातं कापून झाली होती आणि त्या मोकळ्या शेतांत सगळी पंचक्रोशी लोटली होती. ताशा कडाडत होता, लाऊडस्पीकरवर गाड्यांची नावं पुकारली जात होती. गोटीरामचं नाव आलं तशा शिट्ट्या पडल्या. एरवी हा बुटका माणूस बेलापूरच्या एका कचेरीत शिपाई. साहेबांना पाणी द्यायचं, फायली इकडच्या तिकडे करायच्या. पण छकड्यावर चढला की त्याचं रूपच पालटायचं. त्याची पराणी, म्हणजे टोकाला खिळा ठोकलेली काठी, साऱ्या खाडीपट्ट्यात नावाजलेली. डावा बैल पाखऱ्या त्याचा स्वतःचा, उजवा जोतीरामचा. मागच्या वर्षी पलीकडच्या गावानं निशाण नेलं होतं, आणि ते परत आणायचं म्हणून जोतीरामला धड झोप नव्हती.

पण मधल्या काळात एक गोष्ट घडली होती. हादरे खाऊन खाऊन गोटीरामची कंबर धरली आणि डॉक्टरांनी त्याला योगाच्या वर्गाला धाडलं. समाजमंदिरात नंदिनीताई शिकवायच्या. मूळच्या साताऱ्याकडच्या, शाळेत पी.टी.च्या बाई. सतरंजीवर उताणं पडून नुसता श्वास बघा म्हणाल्या, तेव्हा गोटीरामला हसू आवरेना. पावसाळा सरेपर्यंत मात्र कंबर मोकळी झाली आणि अंगाला नवीच खोड जडली. जिथं बसेल तिथं तो श्वास ऐकू लागला. एका संध्याकाळी गोठ्यात पाखऱ्याच्या कुशीवर हात ठेवून बसला असताना त्याला जाणवलं, बैलाचा आणि आपला श्वास एकाच लयीत चाललाय. सहज हात मागं सरकला. मांडीवर, शेपटीच्या मुळाशी बोटांना गाठी लागल्या. खिळ्याच्या जुन्या जखमा. साऱ्या त्याच्याच हातच्या.

दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर तो ताईंजवळ घुटमळला आणि सगळं सांगून मोकळा झाला. त्यांनी त्याला दोषही दिला नाही आणि समजूतही घातली नाही.

"योग अहिंसेपासून सुरू होतो, गोटीरामभाऊ. आसनं त्याच्या नंतर," त्या म्हणाल्या. "शर्यत तुम्ही कबूल केलीत. बैलानं कधी केली?"

माशाचा काटा घशात रुतावा तसा तो प्रश्न त्याच्यात रुतून बसला. पण जोतीरामला शब्द दिलेला होता. शेवटी त्यानं मनाशी तोड काढली, जायचं, पण टोचायचं नाही. तोंडानंच हाकायचं.

फडकं खाली पडलं आणि गाड्या सुटल्या.

गोटीरामनं हाळी घातली. पाखऱ्यानं कान टवकारले, मान खाली घातली आणि असा उसळला की छकडा क्षणभर जमिनीवरून उठलाच. ढेकळं उडाली, वारा कानात घुमू लागला. "चल राजा, चल माज्या लेकरा," गोटीराम ओरडत होता आणि बैल धावत होते, कोणी न मारता धावत होते. एक गाडी मागं पडली, दुसरी पडली. पलीकडच्या गावाचा गाडीवान सपासप चाबूक ओढत होता, तरी त्याचे बैल हळूहळू मागं सरकले. बांधावरची माणसं वेडी झाली. सखू, गोटीरामची बायको, डोक्यावरचा पदर सावरायचं विसरून नाचत होती. गोटीरामच्या अंगावर काटा आला. उभ्या जन्मात असा आनंद त्याला झाला नव्हता. समोर निशाण दिसू लागलं.

आणि त्या साऱ्या गदारोळात त्याला पाखऱ्याचा श्वास ऐकू आला.

लय मोडली होती. घरघर होती, आणि मध्येच काहीतरी अडकल्यासारखं. तोंडाचा फेस मागं उडून गोटीरामच्या हातावर पडला. बैल थांबणार नव्हता. मालकाच्या आवाजावर तो छाती फुटेपर्यंत धावला असता, हे गोटीरामला लख्ख कळलं. पराणी घरी ठेवून त्यानं काय साधलं होतं? आता त्याचा आवाजच पराणी झाला होता.

त्यानं हाळी थांबवली. कासरा ओढला, मग दोन्ही पाय रोवून ओढला. गाडी थबकत, डुलत उभी राहिली. डाव्या अंगानं दुसरी गाडी सुसाट गेली आणि निशाण घेऊन गेली.

गोटीराम उतरला. पाखऱ्याच्या मानेवरून जू काढलं, कुशीवर हात ठेवला आणि उभा राहिला. बांधावरून शिव्या येत होत्या. जोतीराम धावत आला. त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला होता.

"पैसं खाल्लंस काय रं त्यांचं?"

"दम तुटत होता त्याचा," गोटीराम म्हणाला. "मेला असता."

"बैलच हाय ना तो."

जोतीरामनं आपला बैल सोडला, दावं हाताला गुंडाळलं आणि इतक्या वर्षांची भागीदारी तिथंच टाकून मागं न बघता चालता झाला.

खूप वेळानं पाखऱ्याचा श्वास जागेवर आला. तो पाणी प्यायला, त्यानं शेपटी हलवली. पण छकडा शेतात तसाच उभा होता आणि जू दोन्ही बाजूंनी रिकामं होतं. लोक बघत होते. गोटीरामनं डोईचं फडकं खांद्यावर घडी करून ठेवलं, वाकला आणि जू उचलून त्यावर घेतलं.

सखू आली. नवऱ्याकडं तिनं नीट पाहिलं. माणसं हसत होती, कोणीतरी शिट्टी मारली. तिनं पदर कमरेला खोचला.

"आवो, एकल्यानं तिरका जाईल छकडा," ती म्हणाली आणि जुवाच्या दुसऱ्या टोकाखाली शिरली.

दोघं गाडी ओढत गावाच्या वाटेला लागली. मागून पाखऱ्या आपल्या चालीनं येत होता, मध्येच थांबून बांधावरचं गवत खात. तो थांबला की ती दोघंही थांबत.