नाटकात नसलेली हाक

सोनीबाई म्हटलं की मला आधी ऊन आठवतं. भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरांवर मार्गशीर्षात उतरतं ते, कोवळं, पेंढ्याच्या वासाचं. त्या उन्हात अंगणात बसून सोनीबाई वालाच्या शेंगा सोलत, आणि बोलता बोलता मध्येच हात थबकून त्यांची नजर टेकडीवरच्या पायवाटेकडे जाई. त्या वाटेनं येणारा माणूस जाऊन चार वर्षं झाली होती. सवय काही गेली नव्हती.

तो माणूस म्हणजे अवघ्या पालघरचा दादा. जंगलजमिनीच्या पट्ट्यांसाठी त्यानं उभं आयुष्य कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर झिजवलं. मी बोईसरच्या कारखान्यात पाळ्या करणारा, सालवडला राहणारा, मूळचा साताऱ्याकडचा हौशी नाटककार. त्या कणखर मुद्रेआडचं एकाकी अंतःकरण मला रंगमंचावर आणायचं होतं. केवढा तो आव माझा! त्यासाठी मी त्याच्या पत्नीच्या, सोनीबाईंच्या, अंगणात जाऊन बसू लागलो.

त्यांनी एकच गोष्ट सांगितली. कचेरीसमोर ठिय्या चालू असताना पाच वर्षांची कमळी तापानं फणफणली. निरोप गेला, पण जमलेल्या लोकांना सोडून दादा उठले नाहीत. आले ते तिसऱ्या दिवशी, माती दिल्यावर. त्यानंतर लेकीचं नाव त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही.

मी त्यावर भलंमोठं स्वगत रचलं. दादा ठिय्याच्या मांडवात एकटे, कमळीच्या नावानं टाहो फोडताहेत. दांडी गावचा मच्छीमार नामदेव दादांची भूमिका करायचा. समुद्रावर हाका मारून कमावलेला त्याचा आवाज. तालमीत भलेभले डोळे पुसायचे आणि मी मनातल्या मनात खूश व्हायचो. एका रविवारी सोनीबाई तालमीला आल्या. शेवटपर्यंत निश्चल बसल्या, मग जवळ येऊन हळूच म्हणाल्या,

“भाऊ, हे तो तुमाला बोलला?”

त्या प्रश्नात केवढी आशा होती! हो म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? पण नाही जमलं.

“नाही, सोनीबाई. ते मीच लिहिलंय.”

“मंग पोरीचं नाव काढा. त्यानं नाय घेतलं, ते दुसऱ्याच्या तोंडून नको.” आणि जायला वळता वळता, “मी त्याला कमळीचा बापूस म्हणायची. पोर गेली, मंग काय म्हणू? दादा तर सगल्यांचा.”

नवऱ्याला हाक मारायला त्यांच्यापाशी तेवढाच एक शब्द होता, आणि तो लेकीसोबत मातीत गेला होता. पुढची कितीतरी वर्षं त्या बाईनं हाकेवाचून त्याला जेवायला वाढलं, हाकेवाचून दारातून निरोप दिला. माझ्या दोन अंकांत हे कुठेच नव्हतं. माझी मलाच लाज वाटली.

मी नाव खोडलं. त्या जागी नामदेवनं नुसतं थांबायचं, असं ठरलं.

प्रयोग शाळेच्या पटांगणात झाला. नामदेव त्या जागी थांबला आणि सारं पटांगण चिडीचूप झालं. तेवढ्यात पुढच्या रांगेतून सोनीबाई उभ्या राहिल्या आणि शेतावरच्या माणसाला बोलवावं तशा सहज आवाजात म्हणाल्या,

“कमळीच्या बापसा, घरा ये.”

लोकांना वाटलं, हे नाटकातलंच. टाळ्या पडल्या. नामदेव पुढचं वाक्य विसरला आणि मंचाच्या कडेला बसून ढसढसा रडला. सोनीबाई खाली बसल्या, पदर सारखा केला.

गेल्या शिमग्यानंतर त्या गेल्या. नाटक अजून होतं. नामदेव त्या जागी अजून थांबतो. ती हाक संहितेत घालून टाक, म्हणून मंडळी माझ्या मागे लागतात, पण मी ती लिहीत नाही. माणूस काळाच्या पोटात गेला तरी स्मृती त्याला नावानं राखते, असं मी समजत होतो. पण काही नावांनी बोलावणारं जगात एकच तोंड असतं, आणि ते मिटलं की गेलेला माणूस पुन्हा एकदा जातो. त्या वेळी त्याच्यासाठी रडायलाही मागे कुणी उरलेलं नसतं.