कपाट तो आधी उघडतो

कुठला व्हिडिओ गेम कोणत्या वयाच्या मुलांच्या हाती द्यायचा, हे ठरवण्याची नोकरी आत्या अकरा वर्षं करत होती. प्रत्येक दचका मिनिट-सेकंदासकट नोंदवायचा आणि शेवटी वयोगट लिहायचा. धाकटा भाऊ तिला 'भुतांची मास्तरीण' म्हणायचा. त्या रविवारी दुपारी ती घरीच कामाला बसली होती, कारण अहवाल सोमवारी सकाळी द्यायचा होता. आठ वर्षांवरील की बारा, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

गेममध्ये एक घर होतं. घराचा मालक कंदील घेऊन एका मुलाला शोधत फिरायचा आणि मुलानं लपायचं. रक्त नाही, हाणामारी नाही. तरी आत्या चौथ्यांदा सापडली.

"कपाटात नको गं, आत्या. कपाट तो आधी उघडतो."

बिट्टी मागे कधी येऊन उभी राहिली, कळलंच नव्हतं. भावाची मुलगी, नऊ वर्षांची, सुट्टीत आठ दिवस राहायला आलेली. संध्याकाळी भाऊ तिला न्यायला येणार होता. असले गेम मुलांच्या नजरेस पडू द्यायचे नाहीत, हा आत्याचा शिरस्ता. पण चारदा हरलेल्या माणसाला शिरस्ता कुठला आठवतो!

"मग कुठं लपू, शहाणे?"

"पलंगाखाली. भिंतीला चिकटून. आणि दिवा बंद नको करूस. मगाशी चालू होता ना? बंद दिसला की त्याला कळतं."

आत्यानं तसं केलं. मालक आला, कपाट उघडलं, निघून गेला.

"लगेच नाही निघायचं," बिट्टी कुजबुजली. "तो गेल्यासारखं करतो."

मालक खरंच परत आला. आत्याला हसू फुटलं. "लबाड! मैत्रिणीकडे खेळलीस ना हा?"

"नाही गं."

गेम अजून बाजारात आलाच नव्हता. आत्याचं हसू विरलं.

"भीती नाही वाटली तुला?"

"याची कसली भीती? याची पावलं वाजतात. बाबा अनवाणी येतो." मग जीभ चावून म्हणाली, "त्याला सांगू नकोस हं."

भावजयीला जाऊन तीन वर्षं झाली होती. एकट्यानं पोर वाढवतो म्हणून सगळे भावाचे गोडवे गात, आणि सगळ्यांत जास्त आत्याच गायची. लहानपणी त्याला कडेवर घेऊन तिनंच मोठं केलं होतं.

बिट्टीला चित्रं काढायला बसवून तिनं स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि फोन लावला.

"बोला, मास्तरीणबाई! किती भुतं पकडलीत? निघतोच आहे. कार्टीनं डोकं नाही ना खाल्लं?"

तोच आवाज, तोच खट्याळपणा.

"बाळ्या, तू येऊ नकोस. बिट्टी आता माझ्याकडेच राहील."

का म्हणून विचार, ती मनातल्या मनात विनवत होती. आरडाओरडा कर. डोकं फिरलंय का ताई, म्हण. मी पाया पडून माफी मागेन तुझी.

पलीकडून अगदी खालच्या आवाजात त्यानं विचारलं,

"तिनं काय काय सांगितलंय?"

आत्यानं फोन ठेवला. बाहेरच्या दाराशी जाऊन तिनं आतून कडी घातली, आणि त्या दाराला पाठ टेकून आपल्या धाकट्या भावासाठी रडत बसली.