निळ्या डब्यातली सवत

मित्रांनो, मी कपड्यांच्या साबणाची एक जुनी वडी आहे, आणि फळीवरच्या निळ्या डब्यातल्या पावडरीवर मी जळते. आधीच सांगून टाकलेलं बरं.

कारखान्यात तेल आणि सोडा एकत्र शिजवून मला घडवलं, कापलं, वाळवलं. मग मी आत्याच्या हाती आले. आत्या म्हणजे या घरातल्या बाळाच्या बाबांची थोरली बहीण. जुन्या घरी नळाला धरणाचं पाणी होतं. बाळाच्या लंगोटांवर मला जरा फिरवलं की घमेलंभर फेस यायचा, आणि आत्या शेजारणीपाशी माझे गोडवे गायची. मी तेव्हा चढूनच गेले होते.

पण बिऱ्हाड बदललं. नव्या घरी बोअरचं पाणी. त्यात जमिनीतले क्षार विरघळलेले असतात. ते मला असे धरतात, की फेस व्हायच्या आधीच माझा पांढुरका साका होतो. बादलीला चिकट थर बसला, लंगोट वाळून पुठ्ठ्यासारखे कडक झाले. आत्याला वाटलं, साबणच कमी पडतोय. ती मला घासतच राहिली. मी निम्मी झिजले, फेस काही येईना. शेवटी ती म्हणाली, "हिच्यात आता कस उरला नाही."

दुसऱ्याच दिवशी ती सवत आली. त्याच पाण्यात मूठभर पडली आणि बादली फेसाने भरून गेली. ते क्षार तिच्या वाटेला फारसे जातच नाहीत. सगळं घर तिचं कौतुक करत होतं आणि मी मोरीच्या कोपऱ्यात भेगाळत पडले होते. माझा नुसता तिळपापड होत होता.

मग बाळाच्या मांड्या लाल झाल्या. डॉक्टरांनी लंगोटांना पावडर बंद करायला सांगितली. खरं सांगते, मला आनंद झाला. पण मला पुन्हा हातात घेतलं, तर लंगोट पुन्हा कडक. ते त्या लाल कातडीला घासले की बाळ कळवळून रडायचं. ते ऐकून माझा आनंद कुठल्या कुठे पळाला.

मागच्या गॅलरीत वरच्या मजल्यावरच्या एसीचं पाणी ठिबकायचं. त्यावरून आत्या वरच्या बाईंशी भांडून आली होती. तरी ते थांबेना, म्हणून तिने खाली बादली ठेवली होती. एक दिवस बोअरची मोटर जळाली. आत्याने नाइलाजाने तीच बादली ओढली, मला लंगोटावर फिरवलं, आणि फेस तिच्या मनगटापर्यंत चढला. हवेतून उतरलेलं पाणी ते, त्यात क्षार नव्हतेच.

"अगं, इकडे ये," तिने बाळाच्या आईला हाक मारली. "दोष पाण्याचा होता. मी उगाच वडीला नावं ठेवली."

लंगोट मऊ वाळले, बाळाच्या मांड्या हळूहळू निवल्या. आता आत्याच वरच्या बाईंना विचारते, आज एसी लावणार ना?

मित्रांनो, कुणाचं काम फसलं तर त्याला टाकून देण्याआधी त्याच्या वाटेला कसलं पाणी आलं ते बघा. हे पावडरीलाही लागू आहे, मला कळतं. पण वळत नाही. मी आता बोटभर उरले आहे. चादरी ती धुते, सदरे ती धुते, धुवू दे. बाळाच्या अंगाला लागतं ते माझ्याकडे आहे, आणि संपेपर्यंत मी ते तिला देणार नाही.