एकोणीस दिवस आधी दिलेला आहेर

फोल्कमारने गेर्लिंडला चार लाख वीस हजार युरो दिले ते लग्नाच्या ठरलेल्या तारखेच्या एकोणीस दिवस आधी. वीस दिवस दम धरला असता तर सरकारला एक सेंटही द्यावा लागला नसता. नवऱ्याने बायकोला पाच लाखांपर्यंत काहीही द्यावं, कर नाही. लग्न नसेल तर वीस हजार सोडून बाकीच्यावर तीस टक्के. म्हणजे एक लाख वीस हजार. गेर्लिंडच्या नावावर, महिन्याभरात भरा.

मोझेल नदीच्या काठावर आमचं गाव. इथल्या लोकांचे कर मी गेली बत्तीस वर्षं भरून देते, त्यामुळे कोणाचं कोणावर किती प्रेम आहे हे मला पाद्र्याच्या आधी कळतं.

या दोघांचं होतं ते काका-लग्न. आमच्याकडचा हा जुना शब्द. विधवेने पुन्हा लग्न केलं की तिची पेन्शन बंद होते. मग पुरुष नुसताच राहायला येतो आणि मुलं त्याला काका म्हणतात. गेर्लिंडचा नवरा रेल्वेत होता, तो गेला तेव्हा मुलगी चार वर्षांची. आज ती अडतीसची आहे आणि फोल्कमारला अजून काकाच म्हणते. शहाण्णव साली दोघं हातात हात घालून माझ्याकडे आली होती, लग्न करावं का विचारायला. मी नवी होते, हुशारी दाखवायची होती. पेन्शनचा आकडा कागदावर लिहून कागद त्यांच्याकडे फिरवला. म्हटलं, थांबा. दोघं थांबली.

या वसंतात फोल्कमारच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. त्याचे द्राक्षमळे आणि वाइनचं तळघर विकून पैसे बँकेत पडले होते. मीच दोघांना बोलावून सांगितलं, आता करून टाका. लग्नाशिवाय हे गेले तर कर कापून तुमच्या हातात फार कमी राहील.

"म्हणजे मी आत्ता कुठे परवडायला लागलो," फोल्कमार म्हणाला. आम्ही दोघी हसलो. तो हसला की नाही, ते माझ्या लक्षात नाही.

नगरपालिकेत तारीख घेतली. आणि मग एका मंगळवारी गेर्लिंड बँकेचा कागद घेऊन माझ्या टेबलासमोर उभी.

"याच्या डोक्याचंही ऑपरेशन करायला हवं होतं, बाई. सगळे माझ्या खात्यात. मी आजच परत पाठवते."

"पाठवू नका. ते तुम्ही त्यांना दिलेलं बक्षीस धरतील. त्याच्यावर पुन्हा कर."

"येतानाही कापणार आणि जातानाही?"

"पैसे कशासाठी पाठवले तो रकाना वाचलात का?"

"त्याचा काहीतरी चावटपणा."

मी कागद घेतला. 'घरभाडे', 'वीजबिल' असं लिहायच्या जागी लिहिलं होतं: आता तुला लग्नाची गरज नाही. तरी करशील?

ती खुर्चीत बसली. पर्सचा चाप उघडत-मिटत राहिली. मग म्हणाली, "पैसे तर आलेच. आता लग्न केलं तर पेन्शन जाईल. हातात काय येणार?"

लोभी नव्हती ती. असं बोलायला तिला मी शिकवलं होतं.

"त्याला काय सांगू?"

त्या क्षणी मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण तोंडाला सवय. "आज काही सांगू नका. दोन दिवस द्या, मी आकडे मांडते."

घरी काय झालं ते तिनेच नंतर सांगितलं. फोल्कमार जेवणासाठी अस्पॅरॅगसचे पांढरे कोंब सोलत बसला होता. ती म्हणाली, बाईंनी दोन दिवस थांबायला सांगितलंय. तो "बरं" म्हणाला आणि सोलत राहिला. सकाळी फोन करून त्याने तारीख रद्द केली.

संध्याकाळी तिने त्याचा हात धरला. "मी तयार आहे रे. आकडे गेले खड्ड्यात."

"हेच काल म्हणाली असतीस," तो म्हणाला, "तर एक लाख वीस हजारांत मला स्वस्त पडलं असतं."

तिने पुन्हा विचारलं, दोनदा, तीनदा. तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, "राहू दे गं. राहतोच आहोत की."

मी मांडलेला हिशेब कोणी मागितला नाही.

बक्षीस कळवायचा फॉर्म भरायला दोघं एकत्र आली. त्याने तिचा कोट काढून खुंटीला लावला, नेहमीसारखा. नावं झाली, रक्कम झाली. पुढे प्रश्न होता: देणाऱ्याचं घेणाऱ्याशी नातं.

गेर्लिंडचा पेन थांबला. "इथे काय लिहायचं?"

"असेल ते लिही," फोल्कमार म्हणाला. तो खिडकीबाहेर बघत होता.

तिने लिहिलं नाही. पेन माझ्यापुढे सरकवला आणि हात मांडीवर ठेवून बसली. मी चष्मा पुसला, उगाच पुन्हा पुसला, आणि त्या ओळीत लिहिलं: नाही.